बिलावर ८३, कन्सोलवर ६४

दर जानेवारीत आमच्या एका मोठ्या क्लायंटकडून सिक्युरिटीची प्रश्नावली येते, भली मोठी एक्सेल शीट, आणि त्यात एक प्रश्न असतो की कंपनीच्या मालकीचे सगळे लॅपटॉप डिव्हाइस मॅनेजमेंटखाली, म्हणजे आयटीच्या लांबूनच्या देखरेखीखाली, आहेत का. आदल्या वर्षी मी तिथे डोळे झाकून 'हो' लिहिलेलं. यंदा त्यांनी शेजारी दोन कॉलम वाढवले, एकूण किती आणि मॅनेज्ड किती. आता आकडा मागितल्यावर मोजणं आलंच.

अकाउंट्सच्या काकांकडे गेले, त्यांनी टॅलीतून फिक्स्ड अ‍ॅसेटचं लेजर काढून दिलं, सोबत बिलांची जाडजूड फाइल दिली आणि वर "परत आणून दे हां, ऑडिटर येतोय" हेही सांगितलं. विकलेले, मेलेले वजा करून आकडा आला ८३. इंट्यून म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डिव्हाइस मॅनेजमेंटचं साधन, त्याच्या कन्सोलवर कंपनीचे म्हणून दिसत होते ६४. मधले १९ गेले कुठे? चोरीला वगैरे काही गेले नव्हते, त्या सगळ्यांवरची माणसं रोज सकाळी टीम्सवर गुड मॉर्निंग टाकत होती.

थोडी पार्श्वभूमी. आमची कंपनी पुण्यात, बाणेरला ऑफिस, माणसं ऐंशीच्या आसपास, आणि कोविडनंतर निम्मी गावाकडून काम करणारी, नाशिक, कोल्हापूर, चिपळूण, मडगाव. आयटीत मी आणि एक ज्युनियर मुलगा, बस. लायसन्स मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम, त्यात इंट्यून आणि एंट्राचा (ऑफिसचे लॉगिन आणि मशीन ओळखणारी सेवा) पी१ प्लॅन दोन्ही येतं, ३०० युजरपर्यंत चालतं, त्यामुळे साधनं नव्हती असं अजिबात म्हणता येणार नाही. ऑटोपायलट, म्हणजे नवीन लॅपटॉप आपोआप मॅनेजमेंटमध्ये घेणारी मायक्रोसॉफ्टची सोय, दोन वर्षांपूर्वीच सेट केलेला. नवीन लॅपटॉप कुरियरने घरी जाणार, माणूस तो उघडणार, वायफाय जोडणार, ऑफिसचा ईमेल टाकणार, बाकी सगळं आपोआप. कागदावर एकदम झकास.

आता हे आपोआप म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. लॅपटॉपमध्ये कंपनीचं नाव आधीपासून कुठेही लिहिलेलं नसतं. पहिल्यांदा चालू केल्यावर भाषा, कीबोर्ड, नेटवर्क अशा स्क्रीन येतात, आणि इंटरनेट मिळाल्यावर विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतं की बाबा ह्या हार्डवेअरचा कोणी मालक आहे का. ते ओळखलं जातं हार्डवेअर हॅशवरून, म्हणजे सिरीयल नंबर, मदरबोर्ड असल्या गोष्टींपासून बनलेली एक लांबलचक ओळ. ती ओळ आमच्या टेनंटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडच्या कंपनीच्या खात्यात, आधी नोंदवलेली असली आणि तिच्यावर प्रोफाइल, म्हणजे सेटअपच्या सूचनांचा संच, लागलेलं असलं तर स्क्रीनवर थेट आमच्या कंपनीचं नाव येतं आणि ऑफिसच्या लॉगिनशिवाय पुढे जाता येत नाही. नोंदवलेली नसली तर सर्व्हर म्हणतो मला माहीत नाही, आणि विंडोज बिचारं कुठल्याही दुकानातून घेतलेल्या लॅपटॉपसारखं विचारत बसतं, घरगुती वापर की ऑफिस? म्हणजे सक्ती वगैरे जे आपण म्हणतो ती त्या स्क्रीनवर होतच नाही, ती आधी झालेली असावी लागते, बॉक्स कुरियरवाल्याच्या हातात जायच्या आधी. मला हे पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि १९ लॅपटॉपमागे धावणं वेगळं.

एकेकाला कॉल लावला, स्क्रीन शेअर करायला सांगितली. तीन दिवस गेले त्यात.

सगळ्यात मोठा गठ्ठा निघाला ७ चा, आणि तो बघून मी कपाळाला हात लावला, सातही विंडोज होम, म्हणजे घरगुती एडिशन. मार्चअखेर एकदम आठ-दहा माणसं जॉइन झालेली, नेहमीच्या मॉडेलला तीन आठवडे लागणार होते, तर ॲडमिनमधून कोणीतरी लोकल डीलरला फोन करून "जे स्टॉकमध्ये आहे ते पाठवा" म्हंटलं आणि त्याने पाठवलं. रॅम बघितली, एसएसडी बघितली, एडिशन कोणी बघितलीच नाही. होमवर ऑफिस अकाउंटने जॉइन करायची सोयच नसते, ऑटोपायलट तर लांबच राहिला. त्या मुलांनी काहीच चूक केली नव्हती, त्यांच्या स्क्रीनवर तो पर्याय आलाच नव्हता. त्यांनी आपापल्या खासगी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप चालू केले, म्हणजे एका मुलीच्या कंपनीच्या लॅपटॉपची बिटलॉकर रिकव्हरी की (एन्क्रिप्ट केलेली डिस्क अडली तर उघडायची किल्ली) तिच्या कॉलेजच्या काळातल्या ईमेलच्या अकाउंटमध्ये पडलेली होती. उद्या ती सोडून गेली की ती की मागायची कोणाकडे?

पुढचे ५ विंडोज प्रो, म्हणजे ऑफिसचं एडिशन, होते पण त्यांचा हॅश कधी अपलोडच झाला नव्हता. ज्युनियर सुट्टीवर, मी क्लायंट ऑडिटमध्ये, बॉक्स रिसेप्शनवर आले आणि एचआरने चांगल्या मनाने तसेच पुढे पाठवून दिले. ह्यातल्या दोघांनी ऑफिस असं निवडलं, पण पुढे साइन-इन ऑप्शन्समध्ये 'डोमेन जॉइन इन्स्टेड' नावाचा पर्याय असतो तो दाबला, कारण त्यांना वाटलं डोमेन म्हणजे कंपनीचंच काहीतरी असणार. गंमत अशी की त्या पर्यायाने कुठलंही डोमेन जॉइन होत नाही, फक्त त्या लॅपटॉपपुरतं एक लोकल अकाउंट बनतं, तेही सगळे अधिकार असलेलं ॲडमिन. वर्षभर ते दोघं लोकल ॲडमिन म्हणून काम करत होते आणि त्यांचं प्रामाणिक मत होतं की आपण कंपनीच्या सिस्टिममध्ये आहोत. बाकी तिघांनी घरगुती निवडून नंतर आउटलुकमध्ये ऑफिसचा मेल जोडला, त्यामुळे त्यांचे लॅपटॉप एंट्रात 'रजिस्टर्ड' म्हणून दिसत होते, डेस्कटॉप आणि पुढे सात अगम्य अक्षरं अशा नावाने. मी ते आधीही पाहिलेले आणि कोणाचे तरी घरचे पीसी असतील म्हणून सोडून दिलेले, ही चूक पूर्णपणे माझी.

३ लॅपटॉप असे की हॅश होता, सगळं होतं, तरी निसटले. ह्यातला चिपळूणचा किस्सा सांगण्यासारखा आहे. मुलगा नवीन, घरी ब्रॉडबँडची लाइन अजून यायची होती, पाऊस, लाइट जातेय येतेय, मोबाइलला एक काडी रेंज. विंडोज ११ नेटवर्कच्या स्क्रीनवर अडकून बसलं, पुढे जा असं बटणच नाही. २०२२ च्या २२एच२ अपडेटपासून प्रोलाही सेटअपमध्ये इंटरनेट लागतंच, त्याआधी फक्त होमला लागायचं. ह्याने मोबाइलवर यूट्यूब उघडून शोधलं, शिफ्ट एफ१० दाबून काळी खिडकी उघडायची आणि बायपासएनआरओ नावाची कमांड मारायची, रीस्टार्ट होतं आणि 'माझ्याकडे इंटरनेट नाही' असा पर्याय येतो. पाच मिनिटांत लोकल अकाउंटने डेस्कटॉप समोर. मला म्हणाला, "मॅडम, सोमवारी पहिला दिवस होता, लॅपटॉप चालू होत नाही असं कसं सांगणार?" आता ह्याला काय बोलणार. ऑटोपायलटला चुकवायचा त्याचा विचारही नव्हता, त्याला ऑटोपायलट हा शब्दच माहीत नव्हता. आम्ही बॉक्समध्ये एक कागद टाकतो सूचनांचा, त्यावर 'इंटरनेट जोडा' इतकंच लिहिलं होतं, इंटरनेट नसेल तर काय, ते लिहायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. (ती स्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मार्चमध्ये इन्सायडर बिल्डमधून, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीतून, काढली, पण कपाटात पडलेल्या बॉक्समधलं विंडोज जुनं असतं आणि लोकं दुसरा रस्ता शोधतातच, त्यामुळे मी त्या बातमीवर फार विसंबून नाही.) उरलेल्या दोघांचं साधं, हॅश त्याच दिवशी टाकला, बॉक्स त्याच दिवशी दिला, कन्सोलवर प्रोफाइलचं स्टेटस 'असाइन्ड' व्हायच्या आत माणसाने लॅपटॉप उघडलासुद्धा. आमचं प्रोफाइल डायनॅमिक ग्रुपवर, म्हणजे आपोआप भरणाऱ्या गटावर, लावलेलं, त्या ग्रुपला नवीन लॅपटॉप दिसायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी दुपार जाते.

२ लॅपटॉप वॉरंटीत मदरबोर्ड बदललेले. हे मला स्वतःला सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण कन्सोलवर ऑटोपायलटच्या यादीत त्यांची नोंद तर होती. मदरबोर्ड बदलला की हॅश बदलतो, म्हणजे ऑटोपायलटच्या दृष्टीने हे दुसरंच मशीन. वर बोर्डावरची टीपीएम नावाची, डिस्कची किल्ली सांभाळणारी चिपही गेली, त्यामुळे चालू केल्या केल्या बिटलॉकरने रिकव्हरी की मागितली, सर्व्हिसवाल्या इंजिनियरकडे की नाही, समोरच्या माणसालाही ती आपल्या अकाउंटच्या पानावर मिळते हे माहीत नाही, मग इंजिनियरने खिशातला पेनड्राइव्ह काढला आणि कोरं विंडोज टाकून दिलं. काम चोख केलं त्याने, फक्त आमच्या हातातून लॅपटॉप सुटला.

शेवटचे २ मॅकबुक. एक डिझायनरचं, एक आमच्या एमडी सरांचं. दोन्ही मॉलमधल्या दुकानातून कंपनीच्या कार्डवर घेतलेली. त्यांच्याकडे नंतर येते.

सात, पाच, तीन, दोन, दोन. झाले एकोणीस.

आता उपाय. पहिला उपाय मी केला तो शुद्ध भाबडेपणा, एक छान मेल लिहिला, स्क्रीनशॉट लावले, सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट कसं जोडायचं ते दाखवलं, आठवड्याची मुदत दिली. १९ पैकी चौघांनी केलं, त्यातल्या दोघांचे लॅपटॉप खासगी म्हणून नोंदले गेले. बाकीच्यांनी मेलला थम्ब्स अप दिला.

दुसरा उपाय रागाच्या भरात. इंट्यूनमध्ये एनरोलमेंट रिस्ट्रिक्शन, म्हणजे मॅनेजमेंटमध्ये कोणतं मशीन घ्यायचं ह्याची मर्यादा, असतं, खासगी मालकीचं विंडोज ब्लॉक करा असं एक बटण आहे, ते मी शुक्रवारी संध्याकाळी चालू केलं आणि घरी गेले. ते बटण चालू असलं की ऑटोपायलट किंवा तशाच अधिकृत मार्गाने आलेलं मशीनच आत येतं, सेटअपमध्ये माणसाने स्वतः ऑफिसचं लॉगिन टाकून जॉइन केलेलं असलं तरी ते खासगीत मोजून बाहेर ठेवलं जातं. हे मी वाचलं होतं, पण अर्धवट. सोमवारी दोन नवीन जॉइनी, लॅपटॉप नवा कोरा, प्रो, पण हॅश टाकायचा राहिलेला, आणि समोर एरर ८०१८००१४. त्याचा मजकूर काय, तर तुमची संस्था विंडोजच्या ह्या व्हर्जनला सपोर्ट करत नाही. ज्युनियरने बिचाऱ्याने दोन तास विंडोज अपडेट करण्यात घालवले, व्हर्जनचा प्रॉब्लेम म्हंटल्यावर माणूस व्हर्जनच बघणार. मला कोड बघून लक्षात आलं की हे माझंच शुक्रवारचं कर्तृत्व आहे. शुक्रवारी संध्याकाळी कुठलंही बटण दाबायचं नाही हा नियम आमच्याकडे त्या दिवसापासून आहे, फळ्यावर लिहून ठेवलाय.

पण एक खरं, ते बटण बरोबरच होतं, वेळ चुकली. आधी दाराच्या बाहेरची सोय करायची, मग दार लावायचं. मी उलटं केलं.

सोय म्हणजे खरेदी. अकाउंट्सच्या काकांबरोबर आणि ॲडमिनच्या मॅडमबरोबर बसले आणि पर्चेस ऑर्डरच्या टेम्प्लेटमध्येच ओळी घातल्या, विंडोज ११ प्रो फॅक्टरीतून, होम चालणार नाही, आणि डिलिव्हरीच्या आधी सगळे सिरीयल नंबर आमच्या टेनंटमध्ये ऑटोपायलटसाठी नोंदवलेले पाहिजेत. आमच्या जुन्या डीलरला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं माल देतोय, हे काय नवीन?" त्याचाही दोष नाही, हे काम मायक्रोसॉफ्टचे नोंदणीकृत पार्टनर किंवा लॅपटॉप बनवणारी कंपनीच करू शकते, त्यांना आपण एकदा परवानगी दिली की ते कंपनी, मॉडेल आणि सिरीयल नंबर एवढ्यावर नोंदणी करतात, हॅश काढायचीही गरज पडत नाही. आपल्याला स्वतः करायचं तर मात्र हॅशच लागतो. दुसरा पार्टनर शोधला, थोडा महाग पडतो, आणि काका त्या थोड्यावरून अजूनही मला ऐकवतात. मी त्यांना होम टू प्रोच्या सात अपग्रेडचं बिल दाखवलं. तरी ऐकवतात.

जुना डीलर सोडला नाही, घाईच्या वेळी तोच उभा राहतो. त्याचा माल आला की तो आधी ऑफिसात येणार, थेट कोणाच्या घरी नाही. ज्युनियर बॉक्स उघडतो, सेटअपच्या पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट एफ१०, पॉवरशेल, गेट-विंडोजऑटोपायलटइन्फो नावाची स्क्रिप्ट ऑनलाइन पर्यायासह चालवतो आणि हॅश सरळ टेनंटमध्ये जातो, नाहीतर कंट्रोल शिफ्ट डी दाबून डायग्नोस्टिकच्या पानावरून पेनड्राइव्हवर घेतो. मशीन बंद, कन्सोलवर 'असाइन्ड' दिसेपर्यंत बॉक्स कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडे. एचआरला हे आवडलं नव्हतं सुरुवातीला. आणि एक अनपेक्षित भानगड अशी की सील तोडलेला बॉक्स मिळाल्यावर दोन जॉइनींनी एचआरला विचारलं की आम्हाला सेकंडहँड लॅपटॉप दिलाय का. आता आम्ही बॉक्सवर एक स्टिकर लावतो, आयटीने तपासून पॅक केला, तारीख, सही. पंधरा रुपयांचा स्टिकर, पण तक्रार बंद.

मग ते १९. इथे माझं आणि ज्युनियरचं वाजलं थोडं. त्याचं म्हणणं, लोकांना त्रास नको, आहे त्या विंडोजवरच जोडून घेऊ. माझं म्हणणं, जो लॅपटॉप वर्षभर लोकल ॲडमिनवर फिरलाय, त्यात काय काय बसलंय हे कोणालाच माहीत नाही, तो तसाच आत घेऊन त्याच्यावर हिरवी टिकली लावायची म्हणजे प्रश्नावलीला खोटं उत्तर देण्याचाच दुसरा प्रकार. शिवाय जोडून घेतलं तरी ऑफिसच्या अकाउंटने लॉगिन केल्यावर नवीन प्रोफाइल बनतं, डेस्कटॉप रिकामा दिसतो, माणूस घाबरतो आणि आपल्याला फोन करतो, म्हणजे त्रास काही चुकत नाही. शेवटी ठरलं, मॅक सोडून सगळे रीसेट. आधी फायली वनड्राइव्हवर, मग हॅश, मग प्रोफाइल लागलंय ह्याची खात्री, मग रीसेट. रोज दोन, त्याहून जास्त नाही. होमवाल्या सातांना आधी प्रोची की टाकून अपग्रेड केलं, त्यात डेटा जात नाही. पण ह्यात एक खाच आहे जी मला नंतर कळली, अशा मशीनमध्ये फर्मवेअरात बसलेली मूळ की होमचीच असते, त्यामुळे उद्या कोणी पेनड्राइव्हने कोरं विंडोज टाकलं तर ते पुन्हा होमच येणार. आतून रीसेट केलं तर प्रो राहतं. ह्या सात लॅपटॉपच्या पाठीवर लाल ठिपका लावलाय, आणि पुढच्या वेळी बदलायची पाळी आली की आधी हेच जाणार.

रीसेटच्या दिवशी खरा छळवाद होता तो एनरोलमेंट स्टेटसच्या स्क्रीनचा. ही स्क्रीन ठरवलेली ॲप्स बसेपर्यंत माणसाला डेस्कटॉपवर जाऊ देत नाही, कल्पना उत्तम, पण आम्ही हौसेने त्यात अकरा ॲप्स घातलेली, पूर्ण ऑफिस सूट धरून, आणि टाइमआउट मूळचाच ६० मिनिटं. बाणेरच्या लीज्ड लाइनवर पंचवीस मिनिटांत व्हायचं, कोल्हापूरला मोबाइल हॉटस्पॉटवर ६० मिनिटांत निम्मंही नाही, लाल फुली आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात काही ॲप्स जुन्या एमएसआय पद्धतीने टाकलेली आणि काही विन३२ पद्धतीने, दोन्ही एकाच वेळी इन्स्टॉलरसाठी भांडतात आणि एक पडतं, कोणतं पडेल ते त्या दिवशीच्या नशिबावर. सगळी विन३२ केली. अडवून धरणारी फक्त तीन ठेवली, अँटीव्हायरसचा एजंट, व्हीपीएन, कंपनी पोर्टल. बाकी सगळं मागाहून येत राहतं, माणूस तोपर्यंत चहा पिऊन कामाला लागतो. टाइमआउट १२० केला. चिपळूणच्या मुलाला ऑफिसात बोलावलं, एसटीचं भाडं कंपनीने दिलं, आणि सूचनांच्या कागदावर आता पहिली ओळ आहे, इंटरनेट नसेल तर लॅपटॉप उघडू नका, ह्या नंबरवर फोन करा, पहिला दिवस बुडाला असं कोणी म्हणणार नाही. ती शेवटची अर्धी ओळ एचआरकडून सही करून घेतलीय. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोगाची ओळ ती आहे.

आणखी एक सेटिंग लावलं, टेनंट लॉकडाउनमधलं, सेटअपच्या वेळी नेटवर्क सक्तीचं. ते लावलेलं मशीन पुन्हा रीसेट केलं तर नेटवर्कची स्क्रीन टाळता येत नाही. पण हे एकदा आपल्या हातात आलेल्या मशीनला लागू होतं, नव्या बॉक्सला त्याचा पत्ताच नसतो. ॲपलचंही तेच, मॅकओएस १३ पासून कंपनीत नोंदलेलं मॅक पुसून पुन्हा उभं करताना इंटरनेट मागतं. दोघंही दुसऱ्या वेळेची काळजी घेतात, पहिली वेळ तुमची तुम्ही बघा.

लोकांचे प्रश्न आले, येणारच. "मॅडम आता तुम्ही आमच्या चॅट वाचणार का?" ह्याला मी मेल नाही केला, एक कॉल ठेवला आणि माझी कन्सोलची स्क्रीन सरळ सगळ्यांना दाखवली, एका लॅपटॉपचं पान उघडून. मॉडेल, सिरीयल नंबर, विंडोजचं व्हर्जन, बसवलेल्या ॲप्सची यादी, डिस्क एन्क्रिप्ट आहे की नाही. ब्राउझरची हिस्ट्री, फोटो, फायलींच्या आतला मजकूर, पासवर्ड, हे त्यात नाही. पण हेही दाखवलं की पुसून टाकायचं बटण आहे, आणि हरवलेला लॅपटॉप शोधायचं बटणही आहे, आणि ते कोण दाबणार, कोणाच्या लेखी परवानगीने, हे पॉलिसीत लिहिलं. लपवलं असतं तर कोणीतरी शोधून काढलंच असतं आणि मग उरलेल्या दहा खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसला नसता.

दार लावलं ते सगळ्यात शेवटी. कंडिशनल ॲक्सेसमध्ये (अट पाळली तरच लॉगिन देणारी सोय) नियम, विंडोज आणि मॅकवरून ऑफिसचा मेल किंवा फायली हव्या असतील तर मशीन कम्प्लायंट, म्हणजे मॅनेज्ड आणि आमच्या नियमांत बसणारं, पाहिजे. तीन आठवडे फक्त रिपोर्ट मोडवर, कोणाचं काय अडलं असतं ते रोज सकाळी बघायचं, आणि आणीबाणीचं एक ॲडमिन अकाउंट नियमाच्या बाहेर, त्याचा पासवर्ड पाकिटात, पाकीट काकांच्या तिजोरीत. मग मंगळवारी सकाळी चालू केलं. मंगळवारी, शुक्रवारी नाही. आणि खासगी ब्लॉक करायचं ते जुनं बटण, तेही त्याच दिवशी परत चालू.

आता मॅक. डिझायनरचं मॅक ज्या दुकानातून घेतलं ते ॲपलचं अधिकृत रीसेलर निघालं, आणि बिल कंपनीच्या नावावर, जीएसटी नंबरसकट. त्यांना आमचा ॲपल बिझनेस मॅनेजरचा (कंपनीच्या ॲपल मशीनची नोंद ठेवणारं खातं) ऑर्गनायझेशन आयडी दिला, त्यांनी ती जुनी विक्री आमच्या खात्यात जोडून दिली. मशीन पुसावं लागलं नाही. मॅकओएस १४ पासून अशी सोय आहे की मॅक कंपनीच्या खात्यात असून एनरोल झालेलं नसलं तर स्क्रीनभर सूचना येते, 'आत्ता नको' म्हणता येतं पण आठ तासांपुरतं, मग ती हटतच नाही. डिझायनरने सकाळी 'आत्ता नको' केलं, संध्याकाळी निमूट एनरोल केलं.

एमडी सरांचं मॅक दुसऱ्या दुकानातलं, बिल त्यांच्या वैयक्तिक नावावर, कार्ड कंपनीचं. दुकानाने हात वर केले. मग एकच रस्ता उरतो, मॅक पूर्ण पुसायचं, सेटअपमध्ये देश निवडायच्या स्क्रीनवर थांबवायचं, आयफोनवरच्या ॲपल कॉन्फिगरेटर ॲपने स्क्रीनवरची आकृती स्कॅन करायची, की ते आमच्या खात्यात येतं. तसं आणलेलं मशीन पहिले ३० दिवस वापरणारा स्वतः सोडवून घेऊ शकतो, त्यानंतर नाही. तांत्रिकदृष्ट्या तासाभराचं काम. सर म्हणाले, "माझं बघू नंतर." मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. नियम लावायच्या दिवशी त्यांचं नाव अपवादात टाकावं लागलं, लेखी मागितलं त्यांच्याकडून, त्यांनी एका ओळीत दिलंही.

प्रश्नावली पाठवायची तारीख आली. एकूण ८३, मॅनेज्ड ८२. शेजारी शेऱ्याचा कॉलम होता, त्यात मी लिहिलं, एक मॅक, अपवाद मंजूर, मंजुरी देणारे आणि वापरणारे एकच. लिहिताना जरा हात थांबला होता, पण खोडलं नाही. दोन दिवसांनी क्लायंटच्या सिक्युरिटी टीमचा मेल आला, २०० वर प्रश्नांमधून त्यांनी फक्त त्या एका ओळीवर विचारलं होतं, हा अपवाद कधी संपणार? सीसीमध्ये एमडी सर.

संध्याकाळी साडेसहाला ते माझ्या डेस्कपाशी आले, हातात मॅक, चार्जर गुंडाळलेला.

"किती वेळ?"

"पुसून परत उभं करायला तास-दीड तास, सर. बॅकअप झालाय का?"

"कसला बॅकअप. घरचे सगळे फोटो ह्यातच आहेत."

मी ड्रॉवरमधून एक्स्टर्नल हार्ड डिस्क काढली, ज्युनियरला सांगितलं तू जा घरी, आणि सरांना खुर्ची दिली. फोटो ३४० जीबी होते.